शोकगीतांचें वावडें

आमच्या एका जुन्या स्नेह्यांनीं परवां बैठकींत एक निवाडा देऊन टाकला. ते आणि मी 'द क्युअर' या इंग्रज रॉक बँडचे नागपूरच्या वसतिगृहापासूनचे भक्त. (बँड म्हणतांच वरातीपुढचे लाल डगलेवाले वाचकांनीं डोळ्यांपुढें आणूं नयेत.) १९८९ सालची त्यांची 'डिसइंटिग्रेशन' आम्हीं एका कॅसेटवरून दुसरीवर उतरवून घेतली आणि फीत झिजेपर्यंत ऐकली. त्याच मंडळींची 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' ही नवी ध्वनिमुद्रिका सोळा वर्षांच्या खंडानंतर १ नोव्हेंबर २०२४ रोजीं बाहेर आली. तिच्यावर स्नेह्यांचा निवाडा असा कीं, "सोळा वर्षें वाट पाहायला लावून या गृहस्थानें आम्हांला सुतक पाठवलें!" सर्वांनीं माना डोलावल्या. मीहि त्या वेळीं गप्प बसलों; त्या गप्प बसण्याचें प्रायश्चित्त म्हणून हें लिहीत आहें.

पूर्वीं हे लोक आनंद देत, आतां रडवतात, ही तक्रार मुळांतच खोटी आहे. १९८२ सालची 'पोर्नोग्राफी' काय मंगळागौरीचीं गाणीं होतीं? ज्या 'डिसइंटिग्रेशन'वर आम्ही जीव टाकला ती तरी कोणत्या आनंदाची होती? स्नेह्यांच्या स्मरणांत उरलें आहे तें १९९२ च्या 'विश'मधलें 'फ्रायडे आय ॲम इन लव्ह' हें एक गोड गाणें. एका शुक्रवारच्या जोरावर ते साऱ्या आठवड्याचा हिशेब मांडतात. तें गाणें रचलें गेलें तेव्हां रॉबर्ट स्मिथ तेहेतिशीच्या आसपास होता. नवी मुद्रिका आली तेव्हां तो पासष्ट वर्षांचा होता. मधल्या काळांत आई, वडील आणि थोरला भाऊ रिचर्ड असे तिघेहि गेले. तरी त्यानें तोच शुक्रवार गावा, हा आग्रह रसिकाचा नव्हे, सावकाराचा आहे.

मुद्रिकेंत गाणीं आठच आहेत. पहिल्या 'अलोन'मध्यें वाद्यें तीन मिनिटांहून अधिक वेळ एकटींच वाजत राहतात, मग आवाज येतो. शेवटचें 'एंडसाँग' दहा मिनिटांचें. त्यांत तर अर्ध्याहून अधिक वेळ गायक तोंडच उघडत नाहीं. स्नेह्यांना हा कंटाळा वाटला. ज्याच्या घरीं नुकतेंच कोणी गेलें आहे तेथें जाऊन बसल्यावर पहिला शब्द फुटायला किती वेळ लागतो, हें मात्र ते विसरले. ही मुद्रिका ब्रिटनमध्यें विक्रींत पहिल्या क्रमांकावर गेली, 'विश'नंतर प्रथमच. पण विक्रीचा पुरावा मी देत नाहीं, त्या पुराव्यानें वाटेल तें सिद्ध करतां येतें.

याहून भारी आक्षेप एक आहे. तो स्नेह्यांना सुचला नाहीं म्हणून मीच मांडतों. शोकाचाहि धंदा होतो. काळीं वस्त्रें, विस्कटलेले केस, डोळ्यांत काजळ असा वेष करून स्मिथनें तरुणपणीं जी उदासी गाइली तिच्यांत सोंग किती आणि दुःख किती, हें सांगणें कठीण. आमची उदासी तर निव्वळ उसनी होती. घरून मनीऑर्डर वेळेवर येत असे आणि आम्ही जगाला विटलों होतों! पण म्हणूनच मला ही मुद्रिका मोलाची वाटते. जुन्या सोंगाचें देणें तिनें खऱ्या नाण्यांत फेडलें. सारेंच साधलें आहे असें नव्हे. 'ड्रोन:नोड्रोन' या गाण्यांतला कल्लोळ मला आजहि नकोसा होतो.

दुःखाच्या कलेंत सुख कसें, याचें उत्तर न. चिं. केळकरांनीं 'सविकल्प समाधी'नें दिलें: आपण आपणच राहून दुसऱ्याच्या भावनेंत शिरतों, तो आनंद. उपपत्ति सुरेख, पण ती सुरक्षित प्रेक्षकाची आहे. ज्याचें स्वतःचें माणूस गेलें आहे त्याला ती फारशी उपयोगीं पडत नाहीं. मला भवभूति अधिक जवळचा वाटतो, आणि तो लांबचा नव्हे. त्याचें पद्मपूर म्हणजे आमगांवजवळचें पदमपूर, असें वा. वि. मिराशींचें मत, १९९९ सालीं जिल्हा विभागला जाईपर्यंत तें आमच्या भंडाऱ्यांतच होतें, आतां गोंदियांत आहे. 'मालतीमाधवा'ची प्रेमकथा रचणाऱ्या याच कवीनें 'उत्तररामचरिता'त रामाला पुन्हां दंडकारण्यांत आणलें, सीतेसह काढलेल्या दिवसांचीं स्थळें त्याला दाखवलीं आणि मूर्च्छित पाडलें. आमचे स्नेही तेव्हां असते तर त्यांनीं त्यालाहि सुतकाबद्दल जाब विचारला असता. नाक मुरडणाऱ्यांसाठीं आपला खटाटोप नव्हेच, हें त्यानें 'मालतीमाधवा'च्या प्रस्तावनेंतच बजावून ठेवलें होतें.

आतां घरची गोष्ट. माझे थोरले बंधू २०२३ च्या पावसाळ्यांत गेले. तेराव्या दिवसापर्यंत घर माणसांनीं भरलेलें, चौदाव्यापासून सर्वांचा एकच धोशा, "सर, मन दुसरीकडे रमवा." हितचिंतक फोनवर विनोदी चित्रफिती पाठवीत. मला त्रास होऊं नये म्हणून वहिनी माझ्यासमोर भावाचें नांव घेईनात. त्यांना होऊं नये म्हणून मी त्यांच्यासमोर घेईना. असें वर्षाहून अधिक चाललें. पुढें एका रात्रीं मी 'आय कॅन नेव्हर से गुडबाय' ऐकत बसलों होतों. स्मिथनें तें भावाच्या मृत्यूवर रचलें आहे. वहिनी पाणी घेऊन आल्या, दारांत थांबल्या आणि म्हणाल्या, "भावजी, हा कोण एवढा कळवळून गातो?" मी म्हणालों, "त्याचा भाऊ गेला." त्या खालीं बसल्या. मग बंधूंनीं वैनगंगेच्या पुरांत सायकल कशी गमावली, आणि ती चोरीला गेल्याचें वडिलांना कसें पटवलें, हें त्यांनीं मला सांगितलें. मला तें ठाऊक नव्हतें.

स्नेह्यांनीं पुढच्या बैठकींत आपला शुक्रवार खुशाल लावावा. मी येईन आणि ऐकेनहि. गाणें चांगलेंच आहे. मात्र पुन्हां कोणी सुतकाची भाषा काढली तर या खेपेस मी गप्प बसणार नाहीं.