स्टॉल सरकारचा, जागा कोणाची?

शहरात उद्योगधंदे यावेत म्हणून महापालिका काय करते? मोठ्या हॉटेलात बैठक घेते, येणाऱ्याला भूखंड दाखवते, एक खिडकी योजना जाहीर करते. त्यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच की, जो धंदा शहरात आधीपासून आहे, वीस-वीस, तीस-तीस वर्षे ऊनपाऊस सोसत बसस्टँडच्या कोपऱ्यावर बसला आहे, त्याच्यासाठी ही खिडकी का उघडत नाही? चप्पल शिवणाऱ्या दादाच्या आणि भाजी विकणाऱ्या मावशीच्या वाट्याला येते ती फक्त अतिक्रमण विभागाची गाडी.

गटई कामगारांचेच घ्या. सामाजिक न्याय विभाग त्यांना शंभर टक्के अनुदानावर पत्र्याचा स्टॉल देतो. आपले बांधव जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, फोटो, सगळे गोळा करतात आणि एका अटीपाशी अडकतात. स्टॉल ठेवायची जागा ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेने अधिकृतपणे ताब्यात दिलेली असली पाहिजे. म्हणजे स्टॉल सरकार देणार, पण जागा महापालिका देणार नाही! माझ्याकडे आलेल्या एका अशिलाचा अर्ज असाच परत आला होता. वडील ज्या झाडाखाली बसत तिथेच तो बसे. पुढे पथकाने त्याची लाकडी पेटी रापी-आरीसकट उचलली. पंचनामा नाही, यादी नाही. पेटी सोडवायला तीन आठवडे लागले. तोवर घर कशावर चालले, हे विचारायची मलाच लाज वाटली.

हे सारे बेकायदेशीर आहे. पथविक्रेता कायदा 2014 साली झाला. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जात नाहीत तोवर कोणाला उठवता येत नाही, असे त्याचे कलम 3 सांगते. उठवायचेच असेल तर 30 दिवसांची नोटीस हवी. माल जप्त केला तर सही केलेली यादी तिथल्या तिथे द्यावी लागते. नाशवंत माल मागितल्यावर त्याच दिवशी आणि इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत करावा लागतो. सर्वेक्षण दर पाच वर्षांनी व्हायला हवे. मुंबईत 2014 साली सर्वेक्षण झाले आणि नगर पथविक्रेता समितीसाठी मतदान व्हायला 2024 चा ऑगस्ट उजाडला. राजधानीच्या शहरात दहा वर्षे, तर तालुक्याच्या नगरपालिकेचे काय विचारता?

महाड नगरपालिकेने 1924 साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला होता. पाणी मात्र प्यायला मिळाले नाही. 1927 च्या मार्चमध्ये बाबासाहेबांना हजारो लोकांसह तळ्यावर जावे लागले, तेव्हा कुठे त्या कागदाला अर्थ आला. आजचा पथविक्रेता कायदा त्या ठरावासारखाच कपाटात पडून आहे.

कोणी म्हणेल, फूटपाथ कशाला, गाळा घ्या. महापालिकेच्या बाजारातला गाळा लिलावात जातो आणि लिलाव पैसेवाल्याचा असतो. खाजगी दुकान भाड्याने घ्यायला गेलात तर आडनाव विचारतात. खुद्द बाबासाहेबांनी परदेशातून शिकून आल्यावर मुंबईत गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच ग्राहक फिरले आणि तो व्यवसाय बंद पडला. रस्त्यावर गिऱ्हाईक भाव विचारते, आडनाव सहसा विचारत नाही. म्हणून आपला माणूस रस्त्यावर आहे. हौस म्हणून नव्हे.

महापालिका स्वतःसुद्धा मोठी गिऱ्हाईक आहे. शाळेतल्या मुलांचे बूट, गणवेश, दप्तरे ती विकत घेते. पण निविदेत उलाढालीची आणि अनामत रकमेची अशी अट असते की, बूट शिवणारा बाहेर आणि बूट कधी हातात न धरलेला ठेकेदार आत! केंद्र सरकारच्या 2012 च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी 4 टक्के खरेदी राखीव आहे आणि सूक्ष्म व लघु उद्योगांना अनामत रक्कम माफ आहे. ते धोरण महापालिकांना लागू नाही. पण असाच नियम आमच्या शहरात करा, ही मागणी सभागृहात किती नगरसेवकांनी लावून धरली?

इथे आपल्याही लोकांना बोलले पाहिजे. पुतळा, कमान, समाजमंदिर यांसाठी आपण मोर्चे काढतो, काढलेच पाहिजेत. पण नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य पथविक्रेत्यांतून निवडून यायचे असतात, त्यांत एक तृतीयांश महिला आणि अनुसूचित जातींना योग्य प्रतिनिधित्व हवे, हे किती शाखांना ठाऊक आहे? आपण गेलो नाही तर त्या खुर्चीवर हप्ता गोळा करणाऱ्याचाच माणूस बसणार.

प्रत्येक शाखेने माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावा. आपल्या शहरात सर्वेक्षण कधी झाले, समितीवर कोण आहे, विक्री क्षेत्रे कोणती ठरली आणि गटई स्टॉलसाठी आजवर किती जागा दिल्या, हे त्यात विचारावे. उत्तराची प्रत घेऊन वॉर्ड ऑफिसात जाताना एकट्याने जाऊ नये, आपल्या चौकातल्या सगळ्या विक्रेत्यांना बरोबर न्यावे. परजातीचे असले तरी न्यावे. गाडी त्यांचाही माल उचलते.