नेव्हिल डिसोझा यांचे तीन गोल

इटलीच्या पाओलो रॉसीने १९८२च्या विश्वचषकात ब्राझीलविरुद्ध केलेले तीन गोल आपल्या यवतमाळातील फुटबॉलशौकीनही रंगवून सांगतात. मात्र मुंबईच्या नेव्हिल डिसोझा यांच्या तीन गोलांचा विषय क्वचितच निघतो.

१ डिसेंबर १९५६. मेलबर्न ऑलिंपिकची उपांत्यपूर्व लढत. समोर यजमान ऑस्ट्रेलिया. हंगेरीने माघार घेतल्याने भारत पहिला सामना न खेळताच येथवर आला होता. त्या दिवशी नेव्हिल यांनी तीन गोल केले आणि भारत ४-२ असा जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक नोंदवणारे ते पहिले आशियाई खेळाडू. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्यांचाच. पुढे आपण १-४ असे हरलो आणि अखेर चौथे आलो. त्याहून वरचे स्थान भारतीय फुटबॉलला ऑलिंपिकमध्ये पुन्हा लाभले नाही.

मुंबईत नेव्हिल टाटा आणि कॅल्टेक्सच्या संघांतून खेळले. कंपन्यांच्या संघांचा तो काळ. आजच्यासारखे खेळाडूंचे कोट्यवधींचे लिलाव तेव्हा नव्हते.

आयुष्यभर जमाखर्च तपासलेल्या माझ्यासारख्याला एक राहून गेलेली नोंद खटकते. १९६१मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला. मेलबर्नमधील त्यांचे सहकारी पी. के. बॅनर्जी यांना तो पहिल्याच वर्षी मिळाला, आणि ते योग्यच झाले. नेव्हिल यांच्या वाट्याला मात्र तो कधीच आला नाही. १९८०मध्ये, पन्नाशीही न गाठता, ते निवर्तले.

वाचकहो, जिल्ह्यातील शालेय फुटबॉल स्पर्धेच्या एखाद्या करंडकाला त्यांचे नाव देण्यास कितीसा खर्च येईल?