कंपनीच्या गाडीला वेसण हवी, ती ६० वर

गाडीचा वेग हा पोलिसांचा विषय समजला जातो. मी तो आरोग्याचा समजतो. ताशी ६० वरून ८० वर गेलात की वेग एक तृतीयांशाने वाढतो, पण धडकेतली ऊर्जा पावणेदोन पटींहून जास्त होते. डोके, बरगड्या, यकृत यांना ती सोसत नाही. मागच्या बाकावर पट्टा तरी कोण लावतो?

१ ऑक्टोबर २०१५ पासून तयार होणाऱ्या बहुतेक व्यावसायिक वाहनांना वेगनियंत्रक सक्तीचा झाला. मर्यादा ८०, स्कूलबस, डंपर, टँकर यांना ६०. मात्र चालक सोडून आठ आसनांपर्यंतच्या, साडेतीन टनांच्या आतील प्रवासी गाड्यांना तेव्हा सूट मिळाली होती. पाळीच्या कामगारांसाठी लावतात त्यांत अशा गाड्या थोड्या नसतात!

एकलहऱ्याच्या रस्त्यावर वीज केंद्राचे कामगार, सायकली, शाळकरी पोरे सारेच असतात. तिथे ८० हा आकडाच चुकीचा. कंपन्यांनी ठेक्यातच ६० ची अट घालावी, गाडी लहान असली तरी. उशीर होईल म्हणता? आठ किलोमीटरला ८० ने सहा मिनिटे, ६० ने आठ. या दोन मिनिटांसाठी हजेरी कापणाऱ्या साहेबांना मात्र आधी समजवावे लागेल.

रात्रपाळीचा पेंगलेला चालक यंत्राने जागा होत नाही, हेही खरे. त्याला झोप मिळू द्या, फेरीवर पैसे देणे थांबवा. आणि बसवलेल्या यंत्राची तार कुणी काढून ठेवली नाही ना, हे दर महिन्याला पाहा.