अंगात ताप, हातात वल्हे

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की चिखली, मेहकर, मलकापूरच्या रस्त्यांवर पहाटे पळणारी पोरे-पोरी दिसू लागतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. तयारी वर्षभराची, पण मैदानी चाचणी एकाच सकाळी. नेमका त्या सकाळी ताप असला तर? बरेच जण गोळी घेऊन पळतात आणि ‘तापातही पळाला’ म्हणून घरी कौतुक होते.

या कौतुकामागे मोठी उदाहरणे आहेत. नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ दुष्काळी गावातून सैन्यात गेला, तिथे त्याच्या हाती वल्हे आले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तो एकेरी नौकानयनात तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत, इंडोनेशियातल्या पालेम्बंगला, सर्दी-तापाने हैराण असताना तो एकेरीच्या अंतिम शर्यतीत उतरला आणि शेवटचा आला. दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्टला, चौघांच्या नौकेत त्याने सुवर्णपदक जिंकले. त्याच दिवशी हरियाणाच्या दुष्यंत चौहानने कांस्य मिळवले, पण शर्यत संपताच त्याला स्ट्रेचरवर न्यावे लागले. पदके खरी, जिद्दही खरी. पण अशा कथांमधून पोरे चुकीचा धडा घेतात. पदक तापामुळे मिळत नाही, ताप असूनही मिळाले तर ते नशीब.

२००० मीटरची नौकाशर्यत साधारण सहा ते आठ मिनिटांची. तेवढ्या वेळात पाय, पाठ, दंड एकदम राबतात आणि हृदय जवळपास कमाल वेगाने धावते. ताप एक अंश सेल्सिअसने वाढला की नाडीचे ठोके साधारण दहाने वाढतात. म्हणजे शर्यत सुरू होण्याआधीच हृदयावर ओझे. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, विषाणू मात्र शरीरातच राहतो. काही विषाणूंमुळे हृदयाच्या स्नायूला सूज येते आणि अशा वेळी जोराचा श्रम केला तर ठोक्यांची लय बिघडून माणूस जागीच कोसळू शकतो. हे क्वचित घडते. पण ते कोणाच्या बाबतीत घडेल, हे बाहेरून पाहून कळत नाही.

‘ज्याचे त्याला समजते’ हे म्हणणे इथे चालत नाही. कॅनडात युकॉन नदीवर व्हाइटहॉर्स ते डॉसन अशी सुमारे ७१५ किलोमीटरची वल्ह्यांची शर्यत होते. झोपेविना वल्हवत राहिलेल्यांना काठावर नसलेली माणसे आणि प्राणी दिसू लागतात. दमलेल्या मेंदूला आपण दमलो आहोत हेच उमगत नाही. म्हणूनच विश्रांतीचा निर्णय तिथे स्पर्धकांवर सोडलेला नाही, ठरलेल्या ठिकाणी सक्तीने थांबावेच लागते.

भरतीच्या मैदानावरही थांबण्याचा निर्णय पोरावर सोडू नये. घरची दोन एकर कोरडवाहू आणि वयोमर्यादेचे शेवटचे वर्ष असलेला मुलगा ‘मला बरे नाही’ असे सांगणारच नाही. तो बोलेल तेव्हाच, जेव्हा थांबल्याने नोकरी हातची जाणार नाही याची त्याला खात्री असेल. फाटकावर ताप मोजावा आणि आजारी उमेदवाराला दुसरी तारीख मिळेल, हे जाहिरातीतच ठळक छापावे. एका थर्मामीटरचा खर्च तो किती!

घरच्यांनी एवढे पाहावे. नुसते नाक वाहत असेल तर हलके पळायला हरकत नाही. ताप, अंगदुखी किंवा छातीत भरलेला खोकला असेल तर पळणे बंद, आणि ताप उतरल्यावरही काही दिवस दमाने. पळताना छातीत दुखले, धडधडले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर सराव तिथेच थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडून ईसीजी काढून घ्यावा.