जाहीर करण्यासारखं काही नाही म्हणे!

दोस्तांनो, पासपोर्टावर जात लिहिलेली नसते असं आपले शिकलेले लोक मोठ्या अभिमानानं सांगतात. खरं आहे. नाव, जन्मतारीख, जन्मगाव, फोटो. जातीचा रकाना नाही. म्हणून विमानतळ ही या देशातली पहिली जातमुक्त जागा, असा एक गोड समज आपल्या पोरांत पसरलाय. मी राळेगावात बसून लिहितो आहे, विमानापासून चांगला लांब. पण इथल्या पोट्ट्यांनाही आता विमान लागतं. कापसाच्या मजुरीत पोट भरत नाही, भरतीच्या मैदानावर धावून धावून गुडघे गेले, परीक्षांची वयोमर्यादा उरावर आली. मग कुणी वेल्डर म्हणून, कुणी सुतार म्हणून, कुणी हॉटेलात भांडी घासायला गल्फला निघतो. लाखात एखादा स्कॉलरशिप घेऊन बाहेर पडतो. तेव्हा इमिग्रेशनचा आणि कस्टमचा हिशेब आपणही मांडला पाहिजे. तो दुसरं कुणी मांडून देणार नाही. ज्यांच्या तीन पिढ्या विमानात बसल्या त्यांच्या लेखी तो प्रवासवर्णनाचा विषय आहे.

आधी सरळ गोष्ट. राळेगावचा माणूस एका विमानात बसून कुठंच पोचत नाही. एसटीनं नागपूर. नागपूरच्या विमानतळाला बाबासाहेबांचं नाव आहे, पण तिथून परदेशी विमानं मोजकीच. म्हणून बहुतेकांचा रस्ता मुंबई-दिल्लीवरून. जाताना मुंबईला देश सोडल्याचा शिक्का. वाटेत दोहा किंवा दुबईला नुसतं विमान बदलायचं असेल तर साधारणपणे तिथल्या इमिग्रेशनला तोंड द्यावं लागत नाही. सिक्युरिटीची तपासणी होते आणि सोडतात. पण अमेरिकेला जाणाऱ्याला मात्र ज्या शहरात पहिल्यांदा पाय टेकला तिथंच इमिग्रेशन. पुढचं तिकीट कुठलंही असो. सामान बेल्टवरून उचलायचं, कस्टममधून काढायचं, पुन्हा विमान कंपनीच्या हवाली करायचं, मग पुढं पळायचं. परत येतानाही तेच. मुंबईत उतरून नागपूरचं विमान धरायचं तर शिक्का, बॅग, कस्टम सगळं मुंबईतच. दोन विमानांत दीड तास ठेवून तिकीट विकणारा दलाल हे सांगत नाही. पोरगं रांगेत उभं असतं आणि विमान निघून जातं.

हे सगळ्यांनाच आहे, असं कुणी म्हणेल. बरोबर. रांग सगळ्यांना आहे. पण रांगेत सगळे सारखे नाहीत.

१९८३ चा एमिग्रेशन अ‍ॅक्ट काढून वाचा. या कायद्याखालच्या व्यवस्थेनं पासपोर्टांचे दोन वर्ग केले. एक साधा. दुसरा 'ईसीआर', म्हणजे हा माणूस कामासाठी ठरावीक देशांत चालला तर आधी सरकारच्या 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स'ची परवानगी आण. हे देश अठरा. सौदी, कुवेत, कतार, ओमान, अमिराती, बहारीन, मलेशिया वगैरे. म्हणजे नेमके तेच, जिथं आपलं मजूर पोरगं जातं. आणि हा शिक्का कुणाला? जो दहावी पास नाही त्याला. दहावी पास सुटला. इन्कम टॅक्स भरणारा सुटला. गॅझेटेड अधिकारी सुटला. बायको-पोरांसकट सुटला. उरला कोण? ज्याची शाळा सातवीत कापूस वेचायला गेली तो. ज्याच्या बापाला टॅक्स म्हणजे काय ते ठाऊक नाही तो. जातीचा रकाना नसतानाही जात कशी छापता येते याचा याहून चोख नमुना मला दाखवा.

एवढ्यावर सरकारचं भागलं नाही. जानेवारी २०१८ मध्ये परराष्ट्र खात्यानं जाहीर केलं की ईसीआरवाल्यांच्या पासपोर्टाचं कव्हर यापुढं नारिंगी राहील. बाकीच्यांचं निळंच. लांबूनच कळावं, हा अडाणी आला म्हणून! पेशवाईत गळ्यात मडकं होतं, कमरेला खराटा होता. एकविसाव्या शतकात हातात नारिंगी पुस्तक द्यायचं ठरलं. देशभर ओरड झाली, केरळातून तर जोरात झाली, कारण तिथल्या घराघरातला माणूस गल्फमध्ये आहे. त्याच महिन्याच्या ३० तारखेला सरकारनं निर्णय मागं घेतला. आमच्या विदर्भातून या प्रकरणावर किती आवाज उठला? आम्ही तेव्हा जयंतीच्या डीजेची वर्गणी मोजत होतो.

मी आंधळेपणानं बोलत नाही. ही परवानगी मजुराच्या संरक्षणासाठी आहे हे मला माहीत आहे. तिच्यात करारनामा तपासतात, प्रवासी भारतीय बीमा योजनेचा दहा लाखांचा विमा सक्तीचा आहे, नोंदणीकृत एजंटाला तीस हजार रुपये आणि त्यावरचा कर याहून जास्त घेता येत नाही. चांगलं आहे. पण मग काउंटरवर अडवला जातो तो कोण? मजूर. एजंट त्याला व्हिजिट व्हिसावर चढवतो, परवानगीची कटकट टाळतो, लाख-दीड लाख खिशात घालतो आणि गायब होतो. पकडलं तर विमानातून उतरवतात पोराला. सुटलं तर तिकडं ना करार, ना विमा, पासपोर्ट मालकाच्या कपाटात. माझ्या ओळखीतल्या एका पोराच्या आईनं शेत गहाण टाकलं. पोरगा मुंबईच्या काउंटरवरून परत आला. ती मला म्हणाली, "काऊन रे बाप्पा, साहेबानं त्याले इचारलं तरी काय?" मी काय सांगू? साहेबानं दहावीचं सर्टिफिकेट विचारलं, मावशी. बारा वर्षांपूर्वी शाळेनं विचारायला पाहिजे होतं, ते साहेबानं आता विचारलं.

आता बाबासाहेबांकडं या. त्यांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' नावाचं लिखाण आहे. १९३० च्या दशकात लिहिलेलं, त्यांच्या हयातीत छापलं न गेलेलं, १९९० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं पुस्तिका म्हणून काढलेलं. कोलंबिया विद्यापीठात ते अभ्यासाला आहे. आमच्या किती पोरांनी वाचलंय? त्यातला पहिला प्रसंग १९०१ चा. नऊ-दहा वर्षांचा भीमराव घरच्या पोरांबरोबर साताऱ्याहून रेल्वेनं निघतो, मसूर स्टेशनावर उतरतो, तिथून कोरेगावला वडिलांकडं जायचं. म्हणजे गाडी बदलायची. स्टेशनमास्तर विचारतो, तुम्ही कोण? पोर खरं सांगून टाकतं. मास्तरचा चेहरा बदलतो. गाडीवाले दुप्पट भाडं घेतात आणि वर अट घालतात, गाडी तुम्हीच हाका. वाटेत टोलनाका. गाडीवाला सुचवतो, पाणी पाहिजे तर मुसलमान आहोत म्हणून सांगा. पोर उर्दूत तसं सांगतं. तरी पाणी नाही.

दुसरा प्रसंग १९१७ चा. न्यूयॉर्क झालं, लंडन झालं, आता बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायचं. अख्ख्या प्रवासात कुठल्या बंदरानं जात विचारली? शेवटच्या स्टेशनावर, स्वतःच्या देशात, हिंदू हॉटेल बंद. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लिहून राहावं लागलं. अकराव्या दिवशी डझनभर माणसं काठ्या घेऊन आली. सामान उचलून हा बॅरिस्टरीला बसलेला विद्वान सार्वजनिक बागेत गाडीची वाट पाहत बसला.

या पुस्तिकेचं नाव 'व्हिसा' का, याचा विचार करा. परदेशात जायचा व्हिसा त्यांना मिळाला होता. मिळत नव्हता तो इथला. मसूरचा, बडोद्याचा. आजही तो मिळत नाही. नागपूर-पुण्यात खोली भाड्यानं घ्यायला जा. "आडनाव काय?" "मूळ गाव कोणतं?" "नॉनव्हेज खाता का?" हे काय आहे? हेच इमिग्रेशन. फक्त इथं शिक्का मारत नाहीत, दार लावतात.

आणि आता माझा खरा मुद्दा. कस्टममध्ये दोन वाटा असतात. हिरवी आणि तांबडी. ज्याच्याकडं जाहीर करण्यासारखं काही नाही तो हिरव्या वाटेनं बाहेर. आमचे पुष्कळ शिकलेले भाऊ पुण्यात काय आणि न्यू जर्सीत काय, जिंदगीभर हिरव्या वाटेनं चालताहेत. आडनाव बदललं, घरात बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत, गणपतीला आरतीच्या ताटात पैसे. जाहीर करण्यासारखं काही नाही म्हणे! मी यांना गद्दार म्हणणार नाही. खोलीसाठी, नोकरीसाठी, पोरीच्या शाळेसाठी माणूस गप्प बसतो. भुकेल्या पोरानं नाक्यावर पाण्यासाठी खोटं सांगितलं, त्याला कोण नाव ठेवील? पण त्या दोन्ही प्रसंगांचा निकाल बघा. खोटं सांगूनही पाणी मिळालं नाही. खोटं नाव लिहूनही काठ्या आल्याच. लपून मिळालेली जागा अकरा दिवसांची असते.

उलट ज्यांनी बॅग उघडून दाखवली त्यांनी काय मिळवलं ते बघा. जून २०२० मध्ये कॅलिफोर्निया सरकारनं सिस्को कंपनीवर दलित इंजिनियरला जातीवरून त्रास दिल्याचा खटला भरला. दोन अधिकाऱ्यांवरचा भाग २०२३ मध्ये सोडून दिला गेला, तरी जगाच्या तोंडी 'कास्ट' हा शब्द बसला. २१ फेब्रुवारी २०२३ ला सिएटल शहरानं जातिभेदाविरुद्ध कायदा केला, अमेरिकेतलं पहिलं शहर. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरनं तसंच बिल परत पाठवलं. त्याच्याविरुद्ध सर्वात मोठा आवाज कुणी काढला? आपल्याच देशातून गेलेल्या सवर्ण संघटनांनी. म्हणजे त्यांच्याही बॅगेत काहीतरी होतं. ते त्यांनी जाहीर केलं नव्हतं, एवढंच.

इकडं दिल्लीनं काय केलं? २०२२ मध्ये अनुसूचित जातींच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपच्या नियमात भारतीय संस्कृती, इतिहास, समाज यांवरचे विषय वगळले. परदेशात जा, पण जातीचा अभ्यास बॅगेत घालू नको. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबियात जातींवरचा निबंध वाचला होता. या नियमानं त्यांचा अर्ज खिडकीतूनच परत आला असता. जात हा या सरकारच्या लेखी निर्यातबंदी असलेला माल आहे!

मग करायचं काय? नुसती भाषणं नकोत. दर वस्तीच्या विहारात महिन्यातून एक रविवार पासपोर्टाला द्या. अर्ज भरून द्या. दहावी नापास पोरांना पुन्हा परीक्षेला बसवा. ते सर्टिफिकेट नुसतं नोकरीचं नाही, सीमेवरचं हत्यार आहे. एजंटाचा नोंदणी क्रमांक तपासल्याशिवाय कुणाला एक पैसा देऊ देऊ नका. कराराची नक्कल घरी ठेवायला लावा. विमान कुठं बदलायचं, बॅग कुठं उचलायची, कागद हातातल्या पिशवीत ठेवायचे, हे फळ्यावर लिहून शिकवा. यात लाज कसली? आपल्या बापांना बँकेची स्लिप भरायला कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून सावकारानं शिकवलं.

आणि सरकारला एक मागणी ठणकावून करा. संरक्षणाचा शिक्का मजुराच्या कपाळावर नको, एजंटाच्या आणि मालकाच्या कपाळावर मारा. तपासायचं तर त्यांना तपासा.

राहिला प्रश्न हिरव्या-तांबड्या वाटेचा. तो ज्यानं त्यानं ठरवावा. ज्याच्या पोटाला चिमटा आहे त्याला मी शिकवणार नाही. पण ज्याचं पोट भरलंय, ज्याच्या पासपोर्टावर पाच देशांचे शिक्के आहेत, त्यानं तरी आता तांबड्या वाटेनं यावं. बॅग उघडावी. सांगावं, हे माझं गाव, ही माझी वस्ती, हा माझा बाप. महसूल काय लावायचा तो लावा.

जय भीम.