नऊ धावांपलीकडचा हंगाम

१९४८-४९ च्या रणजी हंगामाचा विषय निघाला की मराठी माणसाच्या ओठी एकच आकडा येतो : नाबाद ४४३. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध महाराष्ट्राने ४ बाद ८२६ धावा केल्या. भाऊसाहेब निंबाळकर आणि कमल भांडारकर यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भर घातली. ब्रॅडमनचा १९३० मधला नाबाद ४५२ चा तत्कालीन विश्वविक्रम अवघ्या नऊ धावांवर आला असताना, मध्यंतरात काठियावाडचे कर्णधार राजकोटचे ठाकूरसाहेब यांनी सामना सोडून दिला. निंबाळकरांना पुढे एकही अधिकृत कसोटी खेळायला मिळाली नाही.

ही कथा आपल्याला का आवडते, हे साहित्याच्या अभ्यासकाला सांगायला नको. तिच्यात पराक्रमी नायक आहे, खिलाडूवृत्ती विसरलेला संस्थानिक आहे आणि हातातोंडाशी आलेला घास आहे. शोकात्मिकेचा आराखडा तयारच मिळतो. निंबाळकरांवर अन्याय झाला, यात शंका नाही. परंतु तयार आराखड्यात जे बसत नाही ते हळूहळू दिसेनासे होते, आणि माझा आक्षेप नेमका इथे आहे. नऊ धावांच्या हळहळीने आपण एक संपूर्ण हंगाम झाकून टाकला आहे.

त्याच हंगामाचा उपांत्य सामना मार्च १९४९ मध्ये पुण्यातच झाला. प्रतिपक्ष मुंबई. मुंबईने ६५१ धावा केल्या, त्यात माधव मंत्री यांच्या २००. महाराष्ट्राने ४०७ धावांनी उत्तर दिले. २४४ धावांची आघाडी असूनही मुंबईने पुन्हा फलंदाजी केली आणि ८ बाद ७१४ वर डाव सोडला. दत्तू फडकर आणि उदय मर्चंट यांनी दोन्ही डावांत शतके काढली. महाराष्ट्रापुढे लक्ष्य होते ९५९ धावांचे! हा आकडा वाचून कुणीही बॅट खाली ठेवावी. महाराष्ट्राने ६०४ धावा केल्या आणि सामना ३५४ धावांनी गमावला. प्रथम श्रेणी क्रिकेटमधील चौथ्या डावाची सर्वोच्च धावसंख्या ६५४ आहे, ती इंग्लंडने १९३९ साली डर्बनला केली. यावरून या ६०४ चे मोल कळावे. सामन्यात एकूण २३७६ धावा आणि नऊ शतके झाली. पण या पराभवाची गोष्ट मराठीत कोण सांगतो?

डिसेंबरमध्ये प्रतिस्पर्ध्याने मैदान सोडले म्हणून आपण आजही चिडतो. मार्चमध्ये आपल्या संघाने अशक्य लक्ष्यापुढेही मैदान सोडले नाही, हे मात्र विसरतो. दोन्ही घटना शेजारी ठेवल्या तरच हंगामाला अर्थ येतो. त्यात आणखी एक सूक्ष्म पदर आहे. महाराष्ट्र राज्य १९६० मध्ये झाले; त्याआधी पंचवीसेक वर्षे 'महाराष्ट्र' नावाचा संघ रणजीत खेळत होता, आणि मुंबई त्या नावाबाहेर होती. ती आजही वेगळीच खेळते. मराठी अस्मितेवर लिहिणाऱ्यांनी या विभागणीकडे फारसे गांभीर्याने पाहिलेले दिसत नाही.

खेळ हा गंभीर लेखनाचा विषय आहे काय, असे कुणी विचारील. महाराष्ट्राला १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोनदा रणजी जिंकून देणारे कर्णधार दि. ब. देवधर संस्कृतचे प्राध्यापक होते. त्यांना विद्वत्ता आणि मैदान यांत वैर दिसले नाही. आपल्याला का दिसावे? ज्या नारायण पेठेत केसरीवाडा आहे, तिथे मराठी वृत्तपत्रीय गद्य घडले. इथल्या अभ्यासकांनी जुने अंक आणि धावफलक हे संहितेसारखे वाचावेत, पडताळावेत आणि त्यांतून एका हंगामाचे साक्षेपी गद्य लिहावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. निंबाळकरांचाही त्यात लाभच आहे. आज ते केवळ हुकलेल्या नऊ धावांचे मानकरी आहेत. सबंध हंगामात वाचले तर ते खेळलेल्या ४४३ धावांचे धनी ठरतील.