होम प्लेटवर ‘अडव’ म्हणू नका

मुलींच्या सॉफ्टबॉल सामन्यात सर्वांत जास्त आरडाओरडा होतो तो होम प्लेटजवळ. तिसऱ्या बेसवरून एक मुलगी सुसाट निघालेली असते, चेंडूही तिकडेच येत असतो आणि मैदानाबाहेरचे आईबाबा कॅचरला सांगत असतात, ‘‘अडव, अडव तिला!’’ कॅचर आपलीच लेक असेल, तर हा सल्ला तिला महागात पडू शकतो.

आपल्याला सवय क्रिकेटची. तिथे धावबाद करायला यष्टिरक्षकाने यष्ट्या उडवल्या की काम झाले. सॉफ्टबॉलमध्ये मात्र होम प्लेटवर बहुतेक वेळा हातातला चेंडू धावणारीच्या अंगाला लावावा लागतो. त्यामुळे दोघी समोरासमोर येतात आणि टक्कर होते.

ती टाळण्यासाठीच नियम आहे. हातात चेंडू नसताना कॅचरने वाट अडवली, तर पंच डावा हात आडवा पसरून अडथळ्याची खूण करतात. खेळ लगेच थांबत नाही. पण अडथळा नसता तर धावणारी जिथे पोहोचली असती, तो बेस तिला मिळतो. म्हणजे अंगाने अडवून धाव वाचत नाहीच. दुसऱ्या बाजूने, चेंडू घेऊन उभ्या असलेल्या कॅचरवर धावणारीनेही आदळायचे नसते. आदळली तर ती बाद, आणि मुद्दाम आदळली तर मैदानाबाहेर.

टक्कर किती वाईट असते हे बेसबॉलने पाहिले आहे. २५ मे २०११ रोजी सॅन फ्रान्सिस्कोचा कॅचर बस्टर पोझी याच्यावर धावणारा आदळला. पायाचे हाड मोडले, घोट्याचे स्नायुबंध फाटले, त्याचा उरलेला हंगाम बुडाला. २०१४ मध्ये अमेरिकेच्या मेजर लीगने अशा टकरींविरुद्ध नियम केला. तो तर कसलेला, धडधाकट खेळाडू होता; आपली मुलगी बारा-तेरा वर्षांची.

म्हणून प्रशिक्षकांना विचारा : चेंडू येईपर्यंत प्लेटचा थोडा भाग मोकळा ठेवून उभे राहायला शिकवता का? पावले आणि गुडघे धावणारीकडे वळलेले असतात का? म्हणजे धक्का बसलाच तर तो पायांवरच्या पॅडवर बसेल. हेल्मेट, गळ्याला आडोसा असलेला मुखवटा, छातीचे आणि पायांचे पॅड तिच्या मापाचे आहेत का? शाळेचा एकच संच सर्वांना नीट बसत नाही.

नोकरीनिमित्त चेन्नईतल्या शोळिंगनल्लूरला राहणाऱ्या मराठी पालकांनी आणखी एक लक्षात ठेवावे. समुद्राजवळच्या दमट हवेत हा सगळा साज चढवून बसलेली मुलगी लवकर थकते, आणि थकलेली मुलगी वेळेवर बाजूला होत नाही. प्रत्येक डावानंतर मुखवटा काढून सावलीत बसणे, पाणी पिणे आणि दोन मुलींनी आळीपाळीने कॅचर होणे चांगले.

पुढच्या सामन्याला ओरडायचेच असेल, तर ‘‘अडव’’ऐवजी ‘‘आधी चेंडू घे’’ असे ओरडा.